कप्पी आणि कप्पीसंच

कप्पी म्हणजे कडेला खाच असलेले, आसाभोवती मोकळे फिरणारे चाक. खाचेतून दोर जातो. एका टोकाला ओझे, दुसऱ्या टोकाला माणसाचा हात. कोकणात ती विहिरीवरच्या आडव्या वाशाला टांगलेली असते, शिडाच्या मचव्यात डोलकाठीच्या शेंड्याशी असते आणि पावसाळ्याच्या तोंडावर होड्या वर ओढताना पुळणीवर दिसते. विहिरीवरच्या कप्पीला घरोघरी रहाटच म्हणतात. पोहऱ्यांची माळ फिरवून पाणी उपसणारा बागायतीतला रहाट निराळा.

विहिरीवरची कप्पी स्थिर असते. ती जोर वाचवत नाही, फक्त दिशा बदलते. १५ किलोची भरलेली कळशी वर आणायला १५ किलोचीच ओढ लागते, पण काठावर ओणवे होण्याऐवजी पाय रोवून, अंगाचा भार टाकून खाली ओढता येते. मात्र वाशावर कळशीचे १५ आणि हाताचे १५ असे ३० किलो पडतात. म्हणून वासा निवडताना कळशीच्या दुप्पट भार धरावा.

जोर वाचतो तो चल कप्पीने, म्हणजे ओझ्याबरोबर सरकणाऱ्या कप्पीने. तिला दोराचे दोन पदर पेलतात, त्यामुळे निम्म्या ओढीत काम होते. स्थिर आणि चल कप्प्या एकाच दोराने गुंफल्या की कप्पीसंच तयार होतो. त्याचा यांत्रिक लाभ, म्हणजे ओझे ओढीच्या किती पट, हे काढायला सूत्र पाठ करावे लागत नाही: चल कप्पीला पेलणारे पदर मोजावेत. चार पदर असतील तर १०० किलोला २५ किलोची ओढ पुरते. ओझे १ मीटर चढायला दोर मात्र ४ मीटर ओढावा लागतो. प्रत्यक्षात घर्षण आपला वाटा घेते. दर चाकाला ओढीचा दहावा हिस्सा गेला, तर २५ ऐवजी सुमारे ३२ किलो लागतात. म्हणूनच चाके वाढवत नेण्यात फार काळ फायदा राहत नाही.

भरलेले जहाज एकट्या आर्किमिडीजने कप्पीसंचाने ओढल्याची कथा प्लूटार्कने नोंदवली आहे. शिडाच्या जहाजांना कप्प्या इतक्या लागत, की अभियंता मार्क ब्रुनेलच्या यंत्रांवर इंग्लंडमधल्या पोर्ट्समथच्या गोदीत १८०८ पर्यंत वर्षाला सुमारे १,३०,००० कप्प्या तयार होऊ लागल्या.

कप्पीसंचाची खरी करामत पाहायची तर होडी शाकारण्याआधी ती पुळणीवर ओढतात तेव्हा पाहावी. दोन चाकांची एक कप्पी माडाच्या बुंध्याला, तशीच दुसरी होडीला, आणि होडीखाली ओंडके. ओढायला १००० किलोचा जोर लागतो असे धरू आणि घर्षण सोडून देऊ. दोराचे मोकळे टोक माडाकडच्या कप्पीतून निघत असेल, तर होडीला चार पदर ओढतात: माणसांना २५० किलो आणि माडाला १२५०. तोच संच उलटा लावून मोकळे टोक होडीकडच्या कप्पीतून काढले आणि माणसे माडाच्या बाजूला उभी राहिली, तर होडीला पाच पदर मिळतात. माणसांची ओढ २०० वर येते, माडावर ८०० पडतात. सामान तेच, नुसती अदलाबदल, तरी माणसे आणि माड दोघांचाही भार उतरतो! एवढे करूनही दोर बुंध्याच्या तळाशीच बांधावा. उंचावर बांधला तर माड मुळापासून हलतो.

दोराऐवजी साखळी असलेल्या चेन कप्पीच्या एका प्रकारात एकाच आसावर थोड्या फरकाची, एकमेकांना जोडलेली दोन दातेरी चाके असतात. १५ आणि १४ दाते असले, तर लाभ ३० पट. घर्षण अर्ध्याहून अधिक ओढ खाते, म्हणून हात सोडला तरी ओझे खाली येत नाही.

खाऱ्या हवेत लोखंडी आस गंजून चाक अडकते, मग दोर खाचेत नुसता घासतो आणि झिजतो. नायलॉनचा दोर ताणाखाली लांबतो; तुटला तर चाबकासारखा उलटतो. ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणी, विशेषतः मुलांनी, उभे राहू नये.