उजवे इस्रायलचे पाठीराखे कधी झाले?

ऑक्टोबर १९५६ च्या अखेरीस इस्रायलने ब्रिटन आणि फ्रान्सशी संधान बांधून इजिप्तच्या सिनाईवर चढाई केली. अमेरिकेत रिपब्लिकन पक्षाचे ड्वाइट आयझेनहॉवर अध्यक्ष होते आणि निवडणूक आठवड्यावर आली होती. तरीही त्यांनी कोणाचा मुलाहिजा ठेवला नाही. ब्रिटनची आर्थिक कोंडी केली. इस्रायल सिनाई आणि गाझातून हटेना, तेव्हा २० फेब्रुवारी १९५७ रोजी दूरचित्रवाणीवरून देशासमोर प्रश्न ठेवला: परक्या मुलुखावर हल्ला करून तो बळकावणाऱ्या देशाने माघारीसाठी स्वतःच अटी घालाव्यात का? मार्चमध्ये इस्रायलने माघार घेतली.

हे बोलणारा माणूस डावा नव्हता. शीतयुद्ध लढणारा, युद्धात नाव कमावलेला सेनानी होता. आपल्याकडे सावरकरांनी डिसेंबर १९४७ मध्येच ज्यू राष्ट्राचे स्वागत केले होते, त्यामुळे उजवा म्हणजे इस्रायलचा पाठीराखा हे समीकरण मराठी वाचकाला पूर्वापार वाटते. पश्चिमेत ते तसे नव्हते. मे १९४८ मध्ये इस्रायलला काही मिनिटांत मान्यता दिली ती डेमोक्रॅट ट्रूमन यांनी, तीही परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल यांचा विरोध डावलून. त्या काळात इस्रायल म्हणजे किबुत्झ (सामुदायिक शेतवस्त्या), मजूर पक्ष आणि कामगार संघटना. युरोपातल्या समाजवाद्यांना तो देश आपला वाटे. उलट उजव्यांना अरबांचे तेल, सोव्हिएत रशियाचा शिरकाव आणि जुन्या साम्राज्याचे हितसंबंध यांची काळजी होती. १९६७ च्या युद्धाच्या तोंडावर फ्रान्सच्या द गॉल यांनी शस्त्रपुरवठा रोखला. १९७३ मध्ये ब्रिटनच्या हुजूर पक्षाचे एडवर्ड हीथ यांनीही तेच केले.

वळण आले ते १९६७ च्या सहा दिवसांच्या युद्धाने. पूर्व जेरुसलेम, वेस्ट बँक, गाझा, सिनाई आणि गोलान टेकड्या इस्रायलच्या ताब्यात गेल्या, आणि अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलचा शब्द प्रमाण मानणाऱ्या प्रॉटेस्टंट, चर्चमध्ये या विजयाचा अर्थ बायबलमधून लावला जाऊ लागला. त्याची मुळे खूप जुनी आहेत. ज्यू पवित्र भूमीत परततील, मग येशूचे पुनरागमन होईल, ही मांडणी एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकाने घडवली. १८९१ मध्ये, म्हणजे ज्यू राष्ट्राची चळवळ (झायोनिझम) उभारणाऱ्या हर्झलच्या पहिल्या झायोनिस्ट परिषदेच्या सहा वर्षे आधी, विल्यम ब्लॅकस्टोन या ख्रिस्ती प्रचारकाने अध्यक्ष हॅरिसन यांना निवेदन दिले: पॅलेस्टाइन ज्यूंना मिळावे. १९०९ साली टीपांसह निघालेल्या स्कोफील्ड बायबलने हा विचार खेडोपाडीच्या घरांत नेला. मात्र ही मंडळी राजकारणापासून अंतर राखून होती. ते अंतर १९७० च्या दशकात संपले.

१९७७ मध्ये दोन गोष्टी घडल्या. डेमोक्रॅट अध्यक्ष कार्टर, स्वतः बॅप्टिस्ट, पॅलेस्टिनींच्या मायभूमीबद्दल बोलले. आणि इस्रायलमध्ये मजूर पक्षाची सद्दी संपवून मेनाकेम बेगिन यांचा उजवा लिकुड पक्ष सत्तेवर आला. वेस्ट बँकेला बायबलमधल्या नावांनी ‘ज्युडिया आणि समारिया’ म्हणणाऱ्या बेगिन यांची भाषा इव्हँजेलिकल मंडळींना सहज कळत होती. धर्मोपदेशक जेरी फॉलवेल यांनी १९७९ मध्ये ‘मॉरल मेजॉरिटी’ ही उजव्या ख्रिस्ती मतदारांची संघटना स्थापली; पुढच्याच वर्षी बेगिन यांनी त्यांना उजव्या झायोनिझमचे प्रणेते जाबोटिन्स्की यांच्या नावाचे पदक दिले. जून १९८१ मध्ये इस्रायलने इराकची अणुभट्टी उद्ध्वस्त केली, तेव्हा बेगिन यांनी फॉलवेल यांना फोन करून अमेरिकी ख्रिस्ती समाजाची साथ मागितली. त्याच आठवड्यांत रिपब्लिकन अध्यक्ष रेगन यांचे सरकार मात्र संयुक्त राष्ट्रांत इस्रायलच्या निषेधाच्या बाजूने मत देत होते. नेत्याच्या आधी मतदार वळला होता, हे या इतिहासात फार महत्त्वाचे आहे.

दुसरा प्रवाह बुद्धिजीवींचा. नोव्हेंबर १९७५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने झायोनिझमला वंशवाद ठरवणारा ठराव केला. नॉर्मन पॉडहोरेट्झ यांच्यासारखे, डावीकडून उजवीकडे सरकलेले लेखक त्यातून एका निष्कर्षाला आले: इस्रायलवरचा हल्ला हा अमेरिकेवरचाच हल्ला. मॉस्को, तिसरे जग आणि विद्यापीठांतले डावे एका बाजूला, इस्रायल आणि अमेरिका दुसऱ्या. नवपरंपरावादी म्हणून ओळखल्या गेलेल्या या गटाची मांडणी सोव्हिएत संघ कोसळल्यावरही टिकली. ११ सप्टेंबर २००१ नंतर मॉस्कोच्या जागी जिहादी दहशतवाद आला.

तरी रिपब्लिकन पक्ष या प्रश्नावर अजून एकजीव नव्हता. सप्टेंबर १९९१ मध्ये थोरले बुश यांनी सोव्हिएत ज्यूंच्या पुनर्वसनासाठीची १० अब्ज डॉलरची कर्जहमी वेस्ट बँकेतल्या वसाहतींच्या प्रश्नावर अडवून धरली. धाकट्या बुश यांनी जून २००२ मध्ये पॅलेस्टिनी राज्याला उघड पाठिंबा दिला. पुढे मात्र अंतर झपाट्याने मिटले. २०१५ मध्ये ओबामांच्या इराण कराराविरुद्ध बोलायला रिपब्लिकनांनी नेतान्याहू यांना थेट काँग्रेसमध्ये बोलावले. २०१६ च्या पक्षाच्या जाहीरनाम्यातून द्विराष्ट्र तोडग्याचा उल्लेख गळाला. १४ मे २०१८ रोजी अमेरिकी दूतावास जेरुसलेमला हलला, तेव्हा प्रार्थना म्हणायला जॉन हेगी आणि रॉबर्ट जेफ्रेस हे धर्मोपदेशक होते. त्याच दिवशी गाझाच्या कुंपणापाशी सुमारे ६० पॅलेस्टिनी गोळीबारात मारले गेले.

युरोपातला उजवा याच सुमारास पण वेगळ्या वाटेने इथे पोहोचला. फ्रान्समधल्या कडव्या उजव्यांचे नेते ज्याँ-मारी ल पेन यांनी १९८७ मध्ये नाझी गॅसकोठड्यांना इतिहासातला ‘तपशील’ म्हटले होते. त्यांची कन्या आणि राजकीय वारस मारीन ल पेन नोव्हेंबर २०२३ मध्ये पॅरिसच्या ज्यूद्वेषविरोधी मोर्चात चालल्या. या बदलामागे स्थलांतर आणि इस्लामबद्दलची भीती मोठी आहे, असे माझे मत.

या साऱ्या मांडणीत ज्यूंच्या सुरक्षेची चिंता खरी होती आणि आहे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने सुमारे १,२०० माणसे मारली, २५१ जणांना ओलीस नेले. त्याला प्रतिकार म्हणून गौरवणाऱ्या पाश्चात्त्य डाव्यांवर उजव्यांनी झोड उठवली, ती योग्यच होती. पण भविष्यवाणी असो, शीतयुद्ध असो वा संस्कृतिसंघर्ष, पॅलेस्टिनी माणूस यात स्वतःच्या घराचा, शेताचा धनी म्हणून कुठेच येत नाही. गाझात हजारो मुले मेली तरी चर्चा हार्वर्डच्या आवारातल्या घोषणांची चालू राहते, हे मला सहन होत नाही.

आता ही मोट सैल होते आहे. अमेरिकेतल्या प्यू संशोधन संस्थेच्या २०२५ च्या जनमत पाहणीत पन्नाशीखालच्या रिपब्लिकनांपैकी निम्म्यांचे इस्रायलबद्दलचे मत प्रतिकूल निघाले. २०२२ मध्ये ते ३५ टक्के होते. जून २०२५ मध्ये उजवे भाष्यकार टकर कार्लसन आणि रिपब्लिकन सिनेटर टेड क्रूझ यांच्यात बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकातल्या एका वचनावरून उघड खडाजंगी झाली. इस्रायलला आशीर्वाद देणाऱ्याला आशीर्वाद मिळतो, असे क्रूझ म्हणाले. ते आजच्या सरकारला लागू आहे का, असे कार्लसन यांनी विचारले. ‘अमेरिका प्रथम’ म्हणणाऱ्या या गटात काही जण युद्धाला आणि मदतीच्या पैशाला विरोध करतात, तर काही जण उघड ज्यूद्वेष पसरवतात. या दोघांना एकाच मापाने मोजणे चूक आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी वेस्ट बँक इस्रायलला जोडू देणार नाही असे बजावले. नोव्हेंबरमध्ये सुरक्षा परिषदेने त्यांची गाझा योजना मान्य केली. तिच्यात पॅलेस्टिनी राज्याचा उल्लेख आहे, पण गाझाची पुनर्बांधणी आणि पॅलेस्टिनी प्राधिकरणातल्या सुधारणा पुढे सरकल्या तरच, आणि तोही शक्यता म्हणून. नेतान्याहू यांच्या मंत्रिमंडळातले कडवे उजवे तेवढ्यालाही राजी नाहीत.