विद्यापीठीय शिक्षणातील सत्ता आणि उद्योगहित (मुंबई)

विद्यापीठात काय शिकवायचे, कोणी शिकवायचे आणि त्याचा खर्च कोणी उचलायचा, या निर्णयांवर सरकार, राजकीय पक्ष व उद्योगसमूह यांचा पडणारा प्रभाव. मुंबईत तो विद्यापीठाच्या स्थापनेपासून (१८ जुलै १८५७) दिसतो. पूर्वी धनिकांचा पैसा इमारतींत जाई. आता तो फी, नेमणुका आणि परीक्षा यांत शिरला आहे.

फोर्ट संकुलातील दीक्षान्त सभागृहाला सर कावसजी जहांगीर यांचे नाव आहे. शेजारचा राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीचा. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीत या दलालाने १८६४ मध्ये ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला त्यांच्या आईचे नाव मिळाले. पुढच्याच वर्षी बाजार कोसळला आणि रायचंदही बुडाले. मनोरा मात्र १८७८ मध्ये पुरा झाला. कारभारावर पकड आवळली ती सरकारने. व्हाइसरॉय कर्झनच्या १९०४ च्या कायद्याने अधिसभेत, म्हणजे विद्यापीठाच्या सिनेटमध्ये, सरकारनियुक्तांचे पारडे जड केले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात त्याला कडाडून विरोध केला होता.

उद्योगाचा हात प्रत्येक वेळी घातकच ठरला असे नाही. गिरण्यांना रंगाई-छपाईतले जाणकार हवे होते, त्या काळात १९३३ साली विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग (आजची आयसीटी, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) सुरू झाला आणि त्यातून संशोधनाची मोठी परंपरा उभी राहिली.

खरा सांधा बदलला तो १९८३ मध्ये. वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि राज्यात ‘शिक्षणसम्राट’ हा नवा वर्ग तयार झाला; त्यात राजकारणीच पुष्कळ. कॅपिटेशन फीवर, म्हणजे प्रवेशासाठी ठरलेल्या फीपलीकडे उकळल्या जाणाऱ्या रकमेवर, १९८७ मध्ये कायद्याने बंदी आली, पण डोनेशन हा शब्द पालकांच्या तोंडून गेला नाही. शहरातील जुन्या अनुदानित महाविद्यालयांनी पुढे बीएमएस (व्यवस्थापन), बीएमएम (माध्यमे) यांसारखे सेल्फ फायनान्स, म्हणजे अनुदानाविना फीवर चालणारे अभ्यासक्रम उघडले. इमारत तीच, बाके तीच, फी मात्र कितीतरी पटींनी जास्त. आणि शिकवायला अनेकदा तासिका तत्त्वावरचे, म्हणजे ‘सीएचबी’चे प्राध्यापक. या वाटेला तात्त्विक आधार २००० साली मिळाला. मुकेश अंबानी आणि कुमारमंगलम बिर्ला या मुंबईच्या दोन उद्योगपतींनी पंतप्रधानांच्या व्यापार व उद्योग परिषदेला दिलेल्या अहवालात, उच्च शिक्षण घेणाऱ्याने त्याचा खर्च सोसावा, अशी शिफारस होती. जुलै २०१८ मध्ये रिलायन्सच्या जिओ इन्स्टिट्यूटची केंद्राच्या ‘इन्स्टिट्यूशन ऑफ एमिनन्स’ (निवडक श्रेष्ठ संस्थांना दर्जा देणाऱ्या) योजनेत निवड झाली तेव्हा ती संस्था कागदावरच होती. उलवे येथील तिची पहिली तुकडी २०२२ मध्ये बसली.

राजकीय दबाव अधिक उघड असतो. शिवसेनेच्या विद्यार्थी संघटनेच्या तक्रारीनंतर २०१० मध्ये कुलगुरूंनी विशेषाधिकार वापरून रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ ही कादंबरी अभ्यासक्रमातून काढली. कुलगुरू निवडीत राज्य सरकारचा शब्द वाढवणारी कायदादुरुस्ती महाविकास आघाडीच्या सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर करून घेतली. सरकार बदलल्यावर ती मागे घेतली गेली. अधिसभेच्या पदवीधर गटाची निवडणूक पुन्हा पुन्हा लांबत, उच्च न्यायालयात जाऊन, अखेर सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. दहाच्या दहा जागा युवासेनेला (ठाकरे गटाच्या शिवसेनेची युवा शाखा) मिळाल्या.

खासगी कंपनीवर किती विसंबावे, याचा धडा २०१७ मध्ये विद्यार्थ्यांच्या जिवावर मिळाला. लाखो उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे काम बाहेरच्या कंपनीला दिले गेले, तेही पुरेशी पूर्वतयारी न करता. प्राध्यापक लॉगिन करून बसत आणि उत्तरपत्रिका उघडतच नसे. पुरवण्या वेगळ्या पडल्या, काही उत्तरपत्रिका सापडेनात. कुलपतींनी, म्हणजे राज्यपालांनी, निकालांसाठी दिलेली ३१ जुलैची मुदत टळली, परदेशी प्रवेश हुकले, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आले.

देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत (टिस, १९३६) सरकार आणि उद्योग यांचे दोन्ही दाब एकाच वेळी दिसतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनंतर तिचे कुलगुरू नेमण्याचा अधिकार केंद्राकडे गेला, तर अनेक कंत्राटी पदांचे पगार टाटा ट्रस्टच्या निधीतून होत. जून २०२४ मध्ये निधीची हमी नसल्याचे सांगत शंभराहून अधिक शिक्षक-कर्मचाऱ्यांना कंत्राट संपल्याची पत्रे गेली. ट्रस्टने पैसे देण्याचे कबूल केल्यावर ती मागे घेतली गेली.