डॉक्टरांनी पास केलेला घोडा ज्युरी का थांबवते?

"ताई, डॉक्टरांनी परवाच पास केला होता ना घोडा? मग आता हे लोक कोण थांबवणारे?"

सकाळचे साडेसहा वाजले होते. मुंबईहून ट्रकने नेलेला आमचा तपकिरी घोडा डांबरी पट्टीच्या टोकाला उभा होता. १४ वर्षांची मुलगी त्याचा लगाम धरून रडत होती आणि तिची आई मला हे विचारत होती. स्पर्धा इव्हेंटिंगची होती, म्हणजे एकाच घोड्यावर तीन टप्पे. ठरलेल्या चाली दाखवायचं ड्रेसाज झालं होतं. आदल्या दिवशी क्रॉस-कंट्रीत, म्हणजे मोकळ्या रानातल्या अडथळ्यांच्या दौडीत, घोडा एकाही अडथळ्यापाशी अडला नव्हता. फक्त मैदानात उड्या मारायचं जम्पिंग उरलं होतं, आणि ज्युरीने, म्हणजे पंचांनी, तेवढ्यात सांगितलं, घोडा पुढे जाणार नाही.

त्या माऊलीचा गोंधळ मला अजिबात नवा नाही. इव्हेंटिंगमध्ये घोडा दोन वेगवेगळ्या प्रकारे पाहिला जातो. दोन्हीला आपण मराठीत सरसकट 'तपासणी' म्हणतो आणि तिथेच घोळ होतो. एक असते पशुवैद्यांची तपासणी. दुसरीला नियमपुस्तकात हॉर्स इन्स्पेक्शन म्हणतात आणि तबेल्यात ट्रॉट-अप. पहिलीत विचारतात, घोड्याला काय झालंय? दुसरीत विचारतात, आज याला खेळू द्यायचं का? हे प्रश्न सारखे वाटतात, पण त्यांची उत्तरं देणारी माणसं वेगळी असतात.

पहिलीचं थोडक्यात सांगते. घोडा ट्रकमधून उतरला की तबेल्यात जाण्याआधी पशुवैद्य त्याचा पासपोर्ट आणि मायक्रोचिप जुळवून बघतात. फ्लूची लस वेळेत टोचली आहे का, ताप आहे का, नाडी आणि श्वास किती, हे पाहतात. शांत उभ्या निरोगी घोड्याची नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४० असते, अंगाचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस. शेजारच्या घोड्यांना काही लागण होऊ नये हा या तपासणीचा मोठा हेतू. घोडा पळवून त्याची चाल जोखणं हे तिचं मुख्य काम नव्हेच. म्हणजे 'डॉक्टरांनी पास केलं' याचा अर्थ घोडा आजारी नाही आणि कागद बरोबर आहेत, एवढाच होता.

पशुवैद्य क्रॉस-कंट्री संपल्यावर पुन्हा भेटतात, शेवटच्या रेषेपलीकडे. आम्हा मुंबईकरांनी या भेटीकडे जरा जास्तच लक्ष द्यायला हवं. दमट हवेत घाम वाळत नाही, मग अंगातली उष्णता जायची कुठून? गार पाण्याच्या बादल्या एकामागून एक अंगावर ओतत राहायच्या, हाच उपाय. गरम अंगावर गार पाणी टाकलं की स्नायू आखडतात, ही आमच्याकडच्या जुन्या सईसांची समजूत. ती चुकीची आहे हे १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकच्या निमित्ताने झालेल्या अभ्यासांनी दाखवून दिलं, तरी तबेल्यातून ती अजून जात नाही.

आता दुसरी, जिच्यावरून भांडणं होतात.

लांब पल्ल्याच्या इव्हेंटिंगमध्ये हॉर्स इन्स्पेक्शन दोनदा होतं, ड्रेसाजच्या आधी आणि जम्पिंगच्या आधी. घोड्यावर खोगीर नाही, पाठीवर स्वार नाही. कडक, सपाट, न घसरणारी पट्टी. समोर ग्राउंड ज्युरी, म्हणजे ड्रेसाजला गुण देणारे तेच पंच, आणि त्यांच्यासोबत व्हेटर्नरी डेलिगेट, म्हणजे स्पर्धेचे अधिकृत पशुवैद्य. घोडा चालत न्यायचा, मग दुडकीने पळवायचा, वळवायचा, परत आणायचा. सगळं मिळून मिनिटभराचं काम. निकाल तीनच: मान्य, थांबवा, अमान्य. 'थांबवा' म्हटलं की घोडा बाजूच्या होल्डिंग बॉक्समध्ये जातो, तिथले पशुवैद्य त्याला चाचपून बघतात, मग तो पुन्हा ज्युरीपुढे येतो. पशुवैद्य सल्ला देतात, निर्णय ज्युरी देते.

दुडकीच का? कारण दुडकीत घोड्याचे तिरपे पाय जोडीने पडतात, दोन ठोक्यांची सारखी लय. एका पायात जराही दुखलं तरी लय मोडते. पुढचा पाय दुखत असेल तर तो जमिनीवर टेकताना घोडा डोकं वर उचलतो, भार चुकवायला, आणि चांगला पाय टेकला की डोकं खाली येतं. नवीन माणूस नेमकं उलट वाचतो. डोकं ज्या पायावर खाली गेलं तोच लंगडा, असं त्याला वाटतं. त्या सकाळी आमच्या घोड्याचं डोकं मला फारसं हललेलं दिसलंही नाही. पण डांबरावर टापा वाजत होत्या, टक-टक, टक-टक, आणि त्यात एक ठोका किंचित हलका होता. पंचांपैकी एका बाईंनी मान खाली घातली. त्या बघत नव्हत्या, ऐकत होत्या.

ज्युरीला रोग शोधायचा नसतो, म्हणून घोड्याला नेमकं काय झालंय हे ती सांगत नाही. पालकांच्या मनाला हेच सर्वात जास्त लागतं. कारण नाही, रिपोर्ट नाही, नुसतं 'अमान्य'. पण विचार करा, वरच्या दर्जाच्या इव्हेंटिंगमध्ये घोडा मिनिटाला ५७० मीटर वेगाने पक्के, सहजी न पडणारे अडथळे ओलांडतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच पायांवर पुन्हा उड्या मारतो. एक्स-रे निघेपर्यंत थांबायला तिथे वेळ नसतो. शंका आली तर शंकेचा फायदा घोड्याला द्यायचा. त्याला 'आज नको' म्हणता येत नाही, म्हणून ते त्याच्या वतीने दुसऱ्या कुणीतरी म्हणायचं.

या निर्णयावर अपीलही नाही. मोठ्या स्पर्धांतही घोडे असे थांबतात. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शेवटच्या तपासणीच्या टप्प्यावर जपानचा एक घोडा मागे राहिला. स्वार आणि घोड्याची राखीव जोडी उतरवावी लागली आणि त्याचे २० दोषगुण संघाच्या माथी बसले. तरीही जपानने ११५.८० दोषगुणांवर ब्राँझ मिळवलं, घोडेस्वारीतलं त्यांचं ९२ वर्षांनंतरचं पदक. या खेळात जितके गुण कमी तितकं चांगलं, हे नव्या वाचकांसाठी सांगते.

मैदानावरच्या पंचांचा शब्द किती पक्का असतो, याचा धडा २००४च्या अथेन्सचा. जर्मनीच्या बेटिना हॉय यांनी जम्पिंगला सुरुवातीची रेषा दोनदा ओलांडली. ज्युरीने वेळेचे दोषगुण लावले, अपील समितीने ते काढून टाकले, मग क्रीडा लवादाने सांगितलं की मैदानावर घडलेल्या गोष्टीत अपील समितीला हात घालण्याचा अधिकारच नव्हता. सांघिक सुवर्ण फ्रान्सला गेलं, वैयक्तिक सुवर्ण ब्रिटनच्या लेस्ली लॉ यांना.

माझं म्हणणं इथे सुरू होतं. जिथे अपील नाही, तिथे पद्धत सगळ्यांना एकच हवी, अगदी बारीकसारीक गोष्टींतही. ट्रॉट-अपला लगाम सैल ठेवावा लागतो, घोड्याचं डोकं मोकळं राहायला हवं. लगाम तोंडाजवळ आवळून धरला की डोकं वर-खाली होत नाही आणि लंगडणं झाकलं जातं. त्याच सकाळी आमच्या आधी एक घोडा गेला. धरणाऱ्याने लगाम हातभरही सोडला नव्हता आणि कुणी त्याला 'सैल करा' म्हणालं नाही. घोडा मान्य झाला. तो लंगडा होता असा माझा दावा नाही. तो लंगडा होता की नव्हता हे कळण्याची सोयच ठेवली गेली नाही, हा माझा राग आहे. आमच्या मुलीला मात्र दोनदा सांगितलं होतं, लगाम सोड. ते योग्यच होतं, पण आधीच्यालाही सांगायला हवं होतं. तसं न केल्याने आमच्यावर अन्याय झाला की नाही ही नंतरची गोष्ट. आधी त्या घोड्यावर झाला.

वेदनाशामक औषधांवरची बंदी याच साखळीतली कडी आहे. ब्यूट हे वेदनाशामक दिलेला घोडा पट्टीवर छान पळेल आणि मग दुखणारा पाय पूर्ण जोराने वापरेल. दुखणं हाच त्याच्याकडचा शेवटचा इशारा असतो. तो दाबला तर सर्वात तरबेज ज्युरीलाही काही दिसणार नाही.

मुंबईत आणखी एक सरमिसळ ऐकते. महालक्ष्मीला रेसआधी पॅडॉकमध्ये घोडे फिरवतात, ते आणि हे एकच का? नाही. तिथे लोक बघतात ते पैसे कुणावर लावायचे यासाठी, आणि घोडे नुसते चालत असतात.

दुपारी नालबंदाने आमच्या घोड्याची पुढची डावी नाल काढली. पशुवैद्यांनी चिमट्याने खुराचा तळ दाबला आणि घोड्याने पाय झटकन ओढून घेतला. तळव्याला दगडाचा मार लागला होता, बहुधा क्रॉस-कंट्रीतच. मुलीने कोमट मिठाच्या पाण्याची बादली आणली, घोड्याचा पाय त्यात धरून ती तासभर उकिडवी बसून राहिली. तिची आई शेजारी येऊन बसली, काही बोलली नाही.

आता दर रविवारी ती मुलगी तबेल्यामागच्या सिमेंटच्या पट्टीवर घोडा पळवते आणि मी पाठ फिरवून टापा ऐकते. तिचा हात अजूनही कधीकधी नकळत आवळतो. मग टापांच्या आधी मला लगामाची कडी खुळखुळायची थांबलेली कळते आणि मी तिथूनच ओरडते, "सैल!"