पार्श्वभूमी: मदुरा पाय आणि मुंबईत पडलेले एक नाव

काटा मोडल्यावर कित्येक महिन्यांनी येणारी न दुखणारी सूज, नाडीव्रण (आतपर्यंत गेलेल्या, पू वाहणाऱ्या जखमा), पुवातून पडणारे दाणे, म्हणजे रोगजंतूंचे बारीक गोळे: ही मदुरा पाय या आजाराची लक्षणे. घोळ आहे तो त्याच्या ‘मायसेटोमा’ या शास्त्रीय नावाचा, आणि ते नाव मुंबईत पडले.

मदुराईच्या दवाखान्यातली या आजाराची नोंद १८४२ ची. त्यानंतर १८६० च्या सुमारास मुंबईतल्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका इंग्रज डॉक्टरांनी दाण्यांत बुरशीचे तंतू पाहिले आणि ‘मायसेटोमा’, म्हणजे बुरशीची गाठ, हा शब्द रूढ केला. काळ्या दाण्यांबाबत त्यांचे निदान अचूक होते. जिवाणूशास्त्र तेव्हा बाल्यावस्थेत होते, त्यामुळे त्यांना बोल लावता येत नाही. पण १८९४ मध्ये पांढऱ्या दाण्यांतून जिवाणू वेगळा काढला गेला. हे जिवाणूही बुरशीसारखे फांद्या फुटलेले तंतू करतात, फक्त ते कितीतरी बारीक, जेमतेम एक मायक्रॉन जाडीचे असतात. पुढे दोन गट पाडले गेले: बुरशीचा युमायसेटोमा आणि जिवाणूंचा ॲक्टिनोमायसेटोमा. म्हणजे जिवाणूंच्या गटाच्या नावातही बुरशी राहिलीच! नाव तेव्हाच बदलायला हवे होते, असे माझे ठाम मत आहे. २०१६ मध्ये दुर्लक्षित आजारांच्या जागतिक यादीत नोंद झाली तीही याच नावाने.

याची झळ रुग्णाला बसते. कागदावर नुसते ‘मायसेटोमा’ लिहिले असेल, तर बुरशीचे औषध सुरू होण्याची भीती असते, आणि जिवाणूंवर ते चालत नाही. काळा दाणा बुरशीचा, लाल जिवाणूंचा. पांढरा-पिवळसर मात्र दोन्हींचा असू शकतो. तिथे बायॉप्सी (ऊतीचा तुकडा काढून तपासणे) आणि कल्चर (प्रयोगशाळेत जंतू वाढवून ओळखणे) हवेच. हा आजार करणाऱ्या जिवाणूंपैकी नोकार्डिया क्षयाच्या तपासणीतला रंग अर्धवट धरून ठेवतो, त्यामुळे मुंबईसारख्या शहरात आधी टीबीचीच शंका येते. शिवाय तो सावकाश वाढतो. नेहमीच्या पुवाच्या तपासणीसारखी कल्चरची प्लेट दोन दिवसांत टाकून दिली, तर तो सापडतच नाही. म्हणून संशय आधीच चिठ्ठीवर लिहून लॅबला कळवावा लागतो.

पूर्वी अनेकदा पाय कापावा लागे. जिवाणूंच्या प्रकारात सल्फा औषधे आल्यावर चित्र पालटले. १९८० च्या दशकात अमिकासिन या प्रतिजैविकाची इंजेक्शने आणि कोट्रायमोक्साझोल या सल्फायुक्त औषधाच्या गोळ्या टप्प्याटप्प्याने देण्याची पद्धत आली. अमिकासिनचा त्रास होऊ शकतो म्हणून त्यात मूत्रपिंड आणि कानांची तपासणी मधूनमधून करावी लागते, आणि व्रण सुकल्यावरही गोळ्या कित्येक महिने चालू ठेवाव्या लागतात.