दारू सोडवणारी गोळी आनंदही हिरावते का?

‘गोळी सुरू झाल्यापासून यांना कशातच रस नाही.’ दारू सोडण्यासाठी नाल्ट्रेक्सोन घेणाऱ्यांच्या घरून अशी तक्रार आली, की शेजारीपाजारी निदान करून मोकळे होतात: मेंदू बधिर करणारं औषध आहे, बंद करा! तसं ते नाही. त्याने नशा येत नाही की त्याचं व्यसन लागत नाही. तरी तक्रार हसण्यावारी नेऊ नये.

आपला मेंदू अफूसारखी रसायनं स्वतःच बनवतो. एंडोर्फिन हे त्यातलं प्रसिद्ध. मध्यमेंदूत डोपामिन हे मजेची ओढ जागवणारं रसायन सोडणाऱ्या पेशी असतात आणि त्यांच्या शेजारच्या गाबा पेशी त्यांना सतत दाबून ठेवतात. एंडोर्फिन या गाबा पेशींवरच्या ‘म्यू’ ग्राहींवर (रसायन बसण्याच्या जागांवर) बसलं, की गाबा पेशी गप्प होतात आणि डोपामिन वाढतं. म्हणजे चालना थेट मिळत नाही, अडवणाऱ्यालाच अडवलं जातं! दारूमुळे एंडोर्फिन सुटतं ते इथे कामी येतं. नाल्ट्रेक्सोन कुलपात शिरून न फिरणाऱ्या किल्लीसारखं त्या ग्राहीत अडकून बसतं. दारू पोटात जाते, पण मजा येत नाही.

पण एंडोर्फिन काही फक्त दारूसाठी नसतं. १९८० मध्ये अव्हराम गोल्डस्टाइन यांनी १० जणांना नालोक्सोन हे याच जातीचं औषध टोचून आवडतं संगीत ऐकवलं. तिघांच्या अंगावरचा काटा कमी झाला, बाकीच्यांना फारसा फरक पडला नाही. त्यात नाल्ट्रेक्सोन ‘कॅपा’ ग्राहीही अडवतं. तिथे डायनॉर्फिन हे मेंदूचंच दुसरं रसायन बसलं तर मन उलट खिन्न होतं. गोळी एका हाताने काढते आणि दुसऱ्याने देते. शिल्लक काय राहील ते माणसागणिक बदलतं.

औषधाच्या माहितीपत्रकात नैराश्य, चिंता, निद्रानाश आणि आत्महत्येच्या विचारांचीही नोंद आहे. मात्र दारू सुटल्यावर पहिले काही आठवडे मन तसंही उतरतं. दोष गोळीचा की सुटलेल्या दारूचा, हे ठरवणं डॉक्टरांनाही जड जातं. पूर्वीचं नैराश्य असेल तर ते आधीच सांगावं.

‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ म्हणणाऱ्या भिंतींवरच्या जाहिरातींतल्या पुड्यांमध्ये काय असतं, देव जाणे. नाल्ट्रेक्सोन तर नकळत देण्याचं औषध नव्हेच: अंगात अफू, ब्राउन शुगर किंवा ट्रामाडॉल हे अफूच्या जातीचं वेदनाशामक असेल तर तासाभरातच तीव्र तडफड सुरू होते, काहींना भ्रमही होतो. म्हणून आधी ७ ते १० दिवस अशा पदार्थांशिवाय काढायला लावतात. आणि अफू सोडण्यासाठी ही गोळी घेणाऱ्याने ती मधेच सोडून पुन्हा अफू घेतली तर सवय मोडलेल्या शरीराला जुनीच मात्रा जीवघेणी ठरू शकते.