कॉटन ग्रीनची रुई आणि अमेरिकेची सबसिडी

हार्बर लाईनवर कॉटन ग्रीनला उतरणाऱ्यांना तिथं कधीकाळी खरंच रुईच्या गाठींनी गोदामं भरायची हे आता सांगावं लागतं. त्याच्याही आधी, 1861 ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडची रुई इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना आणि मुंबईत नुसता पैसाच पैसा, मग 1865 ला युद्ध संपलं नि रुईचा बडा व्यापारी प्रेमचंद रायचंदसकट भलेभले बुडाले. तिकडच्या घडामोडींवर इथला भाव हलतो, हे मुंबईला तेव्हापासून माहितीये.

आता सबसिडीचं. गॅट या जागतिक व्यापार करारात अमेरिकेनं 1955 लाच शेतीसाठी सूट घेऊन ठेवली होती, युरोपनं 1962 पासून स्वतःचं कृषी धोरण आणलं, त्यामुळे शेतीला नीट नियम लागले ते थेट 1995 ला, डब्ल्यूटीओ म्हणजे जागतिक व्यापार संघटना आल्यावर. तरी 2002 च्या अमेरिकन फार्म बिलात, म्हणजे तिकडच्या शेती कायद्यात, कापसाला भरपूर पैसा होताच. भाव पडला की फरक सरकार देणार, मग तिकडचा शेतकरी पेरा कशाला कमी करेल? माल येतच राहतो, जगाचा भाव दबतो, नि मार खातो आफ्रिकेतल्या माली किंवा बुर्किना फासोचा शेतकरी. 2003 ला बेनिन आणि चाडला सोबत घेऊन या दोघांनी डब्ल्यूटीओत तक्रार मांडली, हाती फारसं काही लागलं नाही.

ब्राझील मात्र 2002 लाच तिथं अमेरिकेवर केस टाकून बसला होता आणि 2005 ला अपिलातही जिंकला. गंमत पुढे आहे, अमेरिकेनं सबसिडी बंद करायच्या ऐवजी 2010 पासून ब्राझीललाच वर्षाला 14.73 कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं, आणि 2014 ला आणखी 30 कोटी देऊन केस मिटवली. आफ्रिकेतल्या त्या चौघांना यातला हिस्सा नव्हता.

आणि सुधारणा झाली की सगळ्यांचंच भलं होतं असंही नाही हां. युरोपनं 2006 पासून साखरेचा आधारभाव 36 टक्के उतरवला तेव्हा त्याच चढ्या भावावर युरोपला साखर विकणाऱ्या मॉरिशसची पंचाईत झाली.

बरं, 2014 च्या फार्म बिलात अमेरिकेनं रुईला मुख्य सबसिडीच्या यादीतून काढलं. 2018 ला यादीत नवीन नाव आलं, सरकीसकट कापूस. विदर्भातल्या कुठल्याही जिनिंगवाल्याला विचारा, सरकी काढली की उरते ती रुईच.