‘पंपाची सवय लागेल’: एका धास्तीची पार्श्वभूमी

माझी मावसबहीण तीन वर्षांच्या लेकाचा दम्याचा पंप कपाटात साड्यांच्या मागे ठेवते. पाहुण्यांसमोर तो बाहेर निघत नाही. घरघर थांबली की चार दिवसांत रोजचा पंप बंद होतो, कारण ‘सवय लागेल’. रोज सकाळी पोराला मांडीत दाबून धरायचं, स्पेसरचा, म्हणजे पंपाला जोडायच्या नळकांड्याचा, मास्क नाकातोंडावर बसवून श्वास मोजायचे, तो मान फिरवणार, आणि तिकडे गॅसवर डब्याची भाजी. आधीच्या डॉक्टरांनी पंप बंद करण्याला निष्काळजीपणा म्हटलं. मला ते अजिबात पटत नाही.

बालदम्याच्या बाबतीत आईला दोषी धरण्याची रीत जुनी आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर दमा हा मनातून उपजणारा आजार मानणारा मोठा वर्ग होता. आईचे अतिलाड किंवा तिची अढी मुलाच्या छातीत उतरते, असं त्यांचं म्हणणं. अमेरिकेत डॉ. मरे पेश्किन यांनी यावर ‘पॅरेंटेक्टॉमी’ हा शब्दच काढला. अपेंडिक्स काढावं तसं आईवडिलांना मुलापासून वेगळं करायचं! डेन्व्हर शहरातल्या बालदम्याच्या संस्थेत अशी मुलं महिनोनमहिने घरापासून दूर राहत. १९६९ मध्ये तिथल्याच केनेथ पर्सेल यांनी उलटं करून पाहिलं: मूल घरीच, बदली सांभाळणारीजवळ, आणि घरचे दोन आठवडे हॉटेलात. काही मुलांचा दमा खरोखर कमी झाला, काहींचा नाही.

औषधाची भीतीही हवेतून आलेली नाही. १९५० च्या दशकात दम्यासाठी पोटातून स्टेरॉइड देऊ लागले तेव्हा मुलांचे चेहरे सुजले, उंची खुंटली. १९७२ मध्ये बेक्लोमेथासोन या स्टेरॉइडचा पंप आला. डोस मायक्रोग्रॅममध्ये, तोही थेट श्वासनलिकेत. औषध बदललं, पण ‘स्टेरॉइड’ हा शब्द तोच राहिला, आणि त्याला चिकटलेली धास्तीही.

पंप खरंच घेतला जातो का, हे १९९६ च्या एका अभ्यासात यंत्राने मोजलं गेलं. पुन्हा डेन्व्हरच. हेन्री मिल्ग्रोम आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या पंपांना इलेक्ट्रॉनिक मोजणी जोडली. वहीतल्या नोंदींप्रमाणे सुमारे ९५ टक्के डोस झाले होते. यंत्राने दाखवले ५८ टक्के.

असं का होतं, याचं उत्तर मला ब्रिटनमधल्या रॉब हॉर्न आणि जॉन वाइनमन यांच्या १९९९ च्या कामात सापडतं. औषधाची गरज किती वाटते आणि धास्ती किती, या दोन पारड्यांवर माणूस डोस घेतो किंवा टाळतो. दम्यात हे पारडं फसवं असतं. मूल खेळतं-बागडतं असताना गरज दिसत नाही, धास्ती मात्र रोज दिसते. त्यावर ताण. २००४ मध्ये बाल्टिमोर आणि वॉशिंग्टनच्या गरीब वस्त्यांतल्या अभ्यासात, नैराश्याची लक्षणं जास्त असलेल्या आयांनी डोस विसरण्याच्या आणि पंप नीट न वापरता येण्याच्या अडचणी अधिक सांगितल्या. थकलेल्या बाईला आठवण राहावी तरी कशी?

उंचीच्या भीतीतही तथ्य निघालं. पाच ते बारा वर्षांच्या १,०४१ मुलांचा उत्तर अमेरिकेतला अभ्यास, २०१२ चा निष्कर्ष: बुडेसोनाइड या स्टेरॉइडचा पंप घेतलेल्यांची मोठेपणीची उंची, औषध नसलेला पंप घेतलेल्यांपेक्षा सरासरी १.२ सेंटीमीटर कमी.

नव्या डॉक्टरीणबाईंनी हा आकडा बहिणीला लपवाछपवी न करता सांगितला. ती बोटांवर तेवढं अंतर धरून बघत राहिली. मग पहिल्यांदाच तिने विचारलं, “आणि पंप बंद ठेवला, तर काय होईल?”